कवडेबंदरची पाणीवाली

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कवडेबंदरला तेव्हा धक्का नव्हता, नुसता खडक होता. खडकामागं राजाचा लहानसा कोट होता आणि कोटाच्या पायथ्याशी गोडी विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध ही एक विहीर गोड.

त्या विहिरीचं पाणी शेंदून गलबतांना पाजणारी एक कोळीण होती. तिचं नाव इथं सांगत नाही. का ते कळेल.

बंदराचा रिवाज असा, की जे गलबत खाडीच्या तोंडाशी येऊन शीड उतरवील ते पाहुणं. त्याला गाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, आधी पाणी द्यायचं. पाणीवाली कंबरभर पाण्यात चालत जायची आणि काखेतली कळशी वर करायची. तिच्या हातचं पाणी प्यायल्यावर दर्यावर्द्याचा महिन्याचा शीण उतरायचा, असं म्हणतात.

माघातल्या अष्टमीला सकाळी एकोणीस गलबतं आली. सगळ्यांनी शिडं उतरवली. राजाचं तेव्हा कुणाशी वैर नव्हतं, म्हणून पाहुण्यांसाठी कोटाचं दारही उघडं ठेवलं. पाणीवालीनं एकोणीस खेपा केल्या. माणसं घाईघाईनं प्याली, तिच्याकडं कुणी बघितलं नाही. शेवटच्या गलबतावर एक म्हातारा होता, तो तेवढा प्याला नाही. त्यानं ओंजळीतलं पाणी परत तिच्या कळशीत सोडलं आणि तोंड फिरवलं.

"काय रं बाबा, गोड नाय लागलं?" तिनं विचारलं.

तो का प्याला नाही, हे तिला दुपारी कळलं. तोवर पल्याडच्या किनाऱ्यावरून आलेल्या त्या पाहुण्यांनी कोट पेटवला होता आणि खडकावर गावातली चाळीस माणसं मरून पडली होती.

चौथ्या दिवशी राजा आला. त्यानं राख बघितली, प्रेतं बघितली, मग पाणीवालीची कळशी मागून घेतली आणि उंच निशाणाच्या काठीला बांधली. म्हणाला, "आपलं पाणी पोटात असताना त्यांनी आपल्याला कापलं. या बाईच्या नावाची आण, पल्याडचा किनारा बेचिराख केल्याशिवाय ही कळशी खाली उतरणार नाही."

झालं. सात बंदरांत डांगोरा पिटला. जो तो तिचं नाव घेऊन तलवार उचलायला लागला. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं तेही तिच्या नावानं आरोळी ठोकायचे.

तिचा एकुलता एक मुलगा गोमा. उजव्या कानात बाळी, गालावर देवीचा वण. तोही निघाला.

"आये, तुझ्या पाण्याचा अपमान झाला. मी घरात बसू?"

"पाणी माझं, अपमान माझा. तू कशाला मधी पडतोस?"

"आता ते तुझं एकटीचं राहिलं नाही, आये."

एवढं बोलून तो गेला. तिच्याच नावाची आरोळी ठोकत गेला.

पाच वर्षं लढाई चालली. काही पोरं आली, बरीचशी आली नाहीत. गोमाचं काहीच आलं नाही. ती रोज खडकावर दुसरी कळशी भरून घेऊन उभी राहायची. आता शीड उतरवणारं कुणी येत नव्हतं, तरी उभी राहायची.

मग एका दुपारी वाऱ्यानं भरकटलेली होडी आली. फाटकं शीड खाली आलं. आत पल्याडची एक बाई होती आणि तिच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. दोघींचे ओठ फुटलेले.

गाव खडकावर जमलं. कुणीतरी ओरडलं, "पाजू नको! एकदा पाजलंस तेवढं पुरलं नाय तुला?"

ती पाण्यात उतरली.

पोरीनं दोन्ही हातांनी कळशी धरली आणि पोट फुटेस्तोवर प्याली. मग हसली. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणाली, "तुझं नाव तरी सांग, माय. पोर मोठी झाल्यावर सांगीन तिला."

पाणीवालीनं नाव सांगितलं.

तशी ती पोर किंचाळली. तिनं आईच्या पदरात तोंड खुपसलं. बाईचा हात कळशीवरून गळून पडला.

"हेच नाव घेत आले होते," ती म्हणाली. "घरं पेटवताना हेच ओरडत होते. आमच्याकडं पोर झोपत नसली की तुझंच नाव घेतात."

पाणीवालीनं होडीची कड धरली. विचारलं, "त्यांच्यात एक होता का गं? कानात बाळी, गालावर देवीचा वण?"

"सगळ्यांची तोंडं काजळलेली होती, बाई. आवाज तेवढा एकच होता."

पाणीवाली घरी गेली नाही. ओल्या लुगड्यानं विहिरीवर गेली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "आजपासनं माझं नाव कुणी घ्यायचं नाय. हत्यार घेऊन येईल त्याच्या तोंडात हे पाणी खारं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी आणखी पोरं न्यायला राजाचे शिपाई आले. त्यांनी कळशीभर पाणी शेंदलं, तोंडाला लावलं आणि थुंकून टाकलं. मिठागराचं पाणी बरं, असं ते होतं. त्याच कळशीतलं पाणी गावातली लेकरं घटाघटा पीत होती, असं म्हणतात.

लढाई थांबली का? नाही थांबली. राजानं दुसरं नाव शोधलं. त्याला काही अवघड गेलं नाही.

पाणीवाली त्यानंतर किती वर्षं जगली, कुणाला ठाऊक नाही. गोमाची वाट बघत खडकावर उभी असताना भरतीनं तिला नेलं, असं म्हणतात.

कवडेबंदरला आता धक्का आहे. शिडं गेली, इंजिनं आली. तरी माघातल्या अष्टमीला बायका भरली कळशी धक्क्यावर ठेवतात. जी होडी इंजिन बंद करून उभी राहील, तिला पाणी देतात. गाव विचारत नाहीत.

तिचं नाव गावात कुणाही पोरीला ठेवत नाहीत. पण पोरगी पहिल्यांदा काखेत कळशी घेते त्या दिवशी आई ते नाव हळूच तिच्या कानात सांगते.

मुलग्यांना मात्र सांगत नाहीत.