टेकाडेबाबूंनी नापास केलेली सॉफ्टवेअरं

अंजनगावच्या वाटेवरच्या एका गावात टेकाडेबाबू नावाचे गृहस्थ राहत. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी चौतीस वर्षं टंकलेखन केलं होतं. साक्षीदार बोलायचा आणि बाबूंची बोटं चालायची. पानात एक चूक झाली, की ते पान फाडून दुसरं घालत. खाडाखोड त्यांना खपत नसे. अशी माणसं कचेरीत शोभून दिसतात. घरात त्यांच्याशी जुळवून घेणं म्हणजे मात्र सत्त्वपरीक्षा.

ती परीक्षा त्यांच्या पत्नी शेवंताबाई चाळीस वर्षं देत होत्या. त्यांना भुलाबाईची एकशे त्र्याऐंशी गाणी येत. पूर्वी भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गावातल्या पोरी ही गाणी म्हणत घरोघर फिरायच्या. आता पोरी फिरत नाहीत, आणि शेवंताबाईंच्या जोडीच्या बायाही एकेक करून गेल्या. एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लिहून घ्या जी. माह्या मांगं हे कोनालेच येनार नाही."

बाबूंनी घरचा संगणक पुढे ओढला. त्यात वीस वर्षांपूर्वीचं ऑफिसचं सॉफ्टवेअर होतं. रोज दुपारी शेवंताबाई गात आणि बाबू टंकत. दोन वर्षांत सगळी गाणी संगणकात गेली. कागदावर मात्र एकही आलं नाही. छापायचं ते एकदाच आणि बिनचूक, असा बाबूंचा कायदा होता.

पुढे ते सॉफ्टवेअर कुरकुरू लागलं. फाइल उघडायला दहा मिनिटं लागत, आणि उघडली तरी मधेच सगळं गोठून जाई. त्यांची मुलगी उज्ज्वला अमरावतीला शाळेत शिकवत होती. ती सुट्टीत आली तेव्हा तिनं हा प्रकार पाहिला.

"बाबा, हे सॉफ्टवेअर आता कोणी बनवत नाही. संगणकही थकला. तो चालतो आहे तोवर गाणी नव्यात उतरवून घेऊ. फुकटातही चांगली सॉफ्टवेअरं मिळतात."

"घेऊ की," बाबू म्हणाले. "पण पारखून घेऊ."

आणि पारख सुरू झाली. बाबूंनी एक वही केली. प्रत्येक सॉफ्टवेअरवर ते जुन्या खटल्यातला एकच उतारा टंकत आणि त्याचे दोष वहीत लिहीत. पहिलं फुकटचं होतं, सरळ होतं. पण त्यात जोडाक्षराची कळ बाबूंच्या बोटांना हवी तिथे नव्हती. नापास. दुसरं इंटरनेटवर चालणारं. "लाइन गेली की माझी गाणी काय खांबावर चढून वाचायची?" नापास. तिसरं म्हणजे जुन्याचीच नवी आवृत्ती. तिला दरवर्षी पैसे भरावे लागत. "आपल्याच कागदाला आपण भाडं द्यायचं?" तेही नापास. चौथ्यात सगळं मनासारखं होतं, फक्त पानाखालचे आकडे इंग्रजीत येत. ते बदलता येतात, असं उज्ज्वलानं फोनवर तीनदा समजावलं. बाबूंनी त्यालाही लाल रेघ मारली.

अकरा महिने गेले. एवढी पारख तर लोक सोयरीक जुळवतानाही करत नाहीत.

"बाबा, कोणतंही घ्या, पण आज घ्या," उज्ज्वला काकुळतीला आली. "निदान फाइलची एक नक्कल तरी दुसरीकडे ठेवा."

"तपासल्याशिवाय नक्कल काढायची नसते," बाबू म्हणाले. "कोर्टात चालत नाही."

शेवंताबाई ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हे काई कोर्ट आहे का?"

दसऱ्याच्या सुमाराला संगणक बंद पडला तो पडलाच. बाबू तो पिशवीत घालून अकोल्याला घेऊन गेले. दुकानदारानं आतली चकती काढून पाहिली आणि मान हलवली. तिच्यातून एकही गाणं निघणार नव्हतं.

बाबू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नवा संगणक आणला, आणि सॉफ्टवेअर घातलं ते पहिलंच, अकरा महिन्यांपूर्वी नापास केलेलं. कळ वेगळ्या जागी होती, तिची सवय आठवड्यात झाली. बाबू मनातल्या मनात खजील झाले, पण धीर सुटला नव्हता. गाणारी घरात होती. "दिवाळीची गडबड सरू दे, पुन्हा पहिल्यापासून घेऊ," ते म्हणाले. दिवाळीनंतर पाहुणे होते. पाहुण्यांनंतर गहू पेरायचा होता.

पौषात शेवंताबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. समोरचं सगळं त्यांना कळे, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज येई.

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या ओळखीची गाणी त्यांना रोज ऐकवा. कधीकधी सुराच्या आधारानं बोल परत येतो."

उज्ज्वला रजा टाकून आली आणि आईच्या उशाशी बसली. तिला भुलाबाईची दोनच गाणी येत होती. तिनं पहिलं म्हटलं. शेवंताबाईंचे ओठ हलले. दुसरं म्हटलं, तेव्हा ओळीच्या शेवटी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला, तुटका, पण शब्दच. उज्ज्वलाला रडू फुटलं. आठवडाभर ती तीच दोन गाणी म्हणत राहिली. त्या एका शब्दापुढे गाडी गेली नाही. दुसरं गाणं संपलं, की शेवंताबाई डोळे वळवून नवऱ्याकडे पाहत. दोन वर्षं सगळी गाणी ऐकून टंकलेला माणूस तिसरं म्हणेल, अशी त्यांची खात्री होती.

बाबूंनी डोकं धरून आठवून पाहिलं. एकशे त्र्याऐंशी गाणी त्यांच्या कानांतून बोटांत गेली होती, मनात एकही थांबलं नव्हतं. ते नव्या संगणकासमोर जाऊन बसले. सॉफ्टवेअर झटकन उघडलं. अक्षर देखणं होतं, समास सरळ होता, पानाखाली आकडा मराठी होता. मागच्या खाटेवरून बायको त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या पांढऱ्या पानावर टंकायला त्यांच्यापाशी एक ओळही नव्हती.

तात्पर्य: जे पुन्हा मिळणार नाही ते जपायला सर्वांत चांगल्या साधनाची वाट पाहू नये. मिळेल त्या साधनात ते आजच उतरवावं. साधन उद्या बदलता येतं, गेलेला आवाज मात्र परत मिळत नाही.