यंदाचं आगळ

"…मग पुण्याचं घेऊ की बेंगळुरूचं?"

उपळेकर सर पडवीत लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

शहरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात त्यांनी जन्मभर उद्योजकता शिकवली. स्वतः पानाची टपरीसुद्धा काढली नाही. निवृत्त होऊन कुडाळला आले, तर सल्ला विचारायला पोरं दारात. पोरं तरी काय करणार? विचारायला दुसरं होतं कोण?

"एमबीएला दोन्हीकडे नंबर लागला?"

"दोन्हीकडे. कोकणातून मी एकटीच." मैथिली तेंडोलकर हे शेजारच्या घराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"कशाला जातेस गो?"

"धंदा शिकायला. माझं आगळ मोठं करायचंय. माझ्या नावाचा ब्रँड."

आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या ओल्या फळाचा, मिठात मुरवलेला रस. कॉलेजात असतानाच तिने आईच्या जोडीने तो बाटल्यांत भरून विकायला घेतला होता.

"पुण्याला काय देतात?"

"मोठमोठे उद्योजक येऊन बोलतात."

"आणि बेंगळुरूला?"

"कंपनी काढायला जागा देतात. टेबल, इंटरनेट, सगळं."

"रातांबे?"

ती हसली. सर हसले नाहीत.

"मुलाखतीत काय विचारलं?"

"धंद्याबद्दलच. रातांबे कधी उतरवायचे, कसे फोडायचे, मीठ किती, गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं. मी बोलतच सुटले. एक मॅडम म्हणाल्या, आम्हाला अशीच मुलं हवीत."

"कधी झाली ही मुलाखत?"

"मे महिन्यात."

सरांचा हात थांबला.

"मे महिन्यात तू घरी नव्हतीस?"

"पुण्यात होते. मुलाखतीच्या तयारीचा क्लास लावला होता. सगळेच लावतात."

"मग रातांबे?"

"झाडाखाली पडले." तिचा आवाज आता शेजारी जात नव्हता. "पावसाच्या आत सगळे फोडून व्हायला लागतात. बायका बोलवायच्या, पिंपं धुवायची… आई एकटी किती करणार? एक वर्ष गेलं तर काय होतं, असं तीच म्हणाली."

"गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"मालवणच्या खानावळी होत्या. त्यांनी दुसरीकडून घेतलं. आता तिकडूनच घेणार म्हणतात."

काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतून बाटली काढली आणि सरांपुढे ठेवली.

"तुमच्यासाठी."

सरांनी बाटली फिरवून लेबल वाचलं.

"हे कोणाचं?"

"…विकत आणलं. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

सरांनी बाटली हळूच खाली ठेवली.

तिचा चेहरा लाल झाला.

"तुम्हीच आमच्या कॉलेजात येऊन भाषण केलंत. आधी शिका, मग धंद्यात पडा, म्हणालात. मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेतलं. तुम्ही तरी कुठे केलात धंदा?"

"नाही केला."

"मग शिकवलात कसा?"

"केला नाही म्हणूनच शिकवता आला. वेळ होता."

आत कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही.

"मुलाखत घ्यायला मीही बसायचो," सर म्हणाले. "तुझ्यासारखी पोरं आली की खूश व्हायचो. मागे घरी काय पडून राहिलंय, ते कधी विचारलं नाही."

"मग आता काय करू? मागे फिरू?"

"कशाकडे?"

मैथिलीने पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, पण आता परीक्षेचा निकाल विचारावा तसा, हळू आवाजात.

"पुणं की बेंगळुरू, सर?"

सरांनी मांडीवरची सालं झटकली.

"बेंगळुरू," ते म्हणाले. "तिथे नोकऱ्या चांगल्या लागतात."