सोळा कोर आणि फुगलेले गाल

एका गावात एक क्लॅरिनेटवाला राहत होता. वीजही त्याच गावात राहायची, पण पाहुण्यासारखी. क्लॅरिनेटवाल्याचं नाव सिदू ऐवळे. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याचा सूर इतका लांब जाई, की पलीकडच्या गावातल्या म्हशी ऐकून पान्हा सोडत. दूध मात्र त्यांच्या मालकालाच मिळे. मास्तरला त्याचं फार वाईट वाटे.

त्याचा बँड होता अकरा जणांचा. सुपारी द्यायला आलेले लोक एकच विचारत, "मास्तर, माणसं किती?" वाजवता कसं, हे कुणी विचारत नसे. मग मास्तरनं युक्ती काढली. वाजवणारे सहाच ठेवले. उरलेल्या पाच झालरीच्या कोटांत मेहुणे, साडू, व्याही असे घरचेच लोक घातले. त्यांनी हातात ट्रंपेट धरायचं आणि नुसते गाल फुगवायचे. धाकटा मेहुणा यात असा तयार झाला, की एका लग्नात एकही सूर न काढता उत्तम वादकाचा नारळ घेऊन आला.

पुढे वाजवणारे कारखान्यांत गेले. गाल फुगवणाऱ्यांना कुठूनच बोलावणं आलं नाही, ते कोट काढून घरी बसले. बँडमध्ये उरली दोनच माणसं, मास्तर आणि झांज वाजवणारी त्याची बायको हौसा.

बिरोबाच्या जत्रेत पालखीच्या छबिन्यापुढं एक चाल वाजायची. मास्तरच्या आज्यानं बांधलेली. जत्रा कमिटीचे नाना येऊन म्हणाले, "दोघांत छबिना निघत नाही, मास्तर. शनिवारपर्यंत सगळ्या बँडची चाल रेकॉर्ड करून आण. कमिटीच्या गाडीवर स्पीकर लावून वाजवू. नाही जमलं, तर तालुक्याचा डीजे सांगून ठेवलाय."

डीजे एकदा गावात शिरला, की आज्याची चाल संपली. हे मास्तरला कुणी सांगायला नको होतं.

घरी कॉम्प्युटर घ्यायचा, एकेक वाद्य स्वतः वाजवायचं, एकावर एक चढवायचं आणि एकट्यानं बँड उभा करायचा, असं त्यानं ठरवलं. बँडची जुनी गाडी विकली आणि तालुक्याचं दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "मास्तर, एकाच किमतीचे दोन प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचे मेंदू, आहेत. एक नवा, सहा कोरांचा. एक कुठल्याशा मोठ्या कचेरीतून काढलेला, सोळा कोरांचा. कोणता देऊ?"

मास्तरला भाकरीची कोर तेवढी ठाऊक होती. चार कोरांची एक भाकरी. म्हणजे सोळा कोर झाल्या चार भाकरी आणि सहा कोर झाल्या दीड. "दीड भाकरीत बँड जेवतो होय? सोळा द्या," तो म्हणाला.

"पारख आहे तुम्हाला," दुकानदार म्हणाला. वाजवणार काय, हे त्यानं विचारलं नाही.

घरी यंत्र सुरू झालं. आत असा पंखा फिरू लागला, की हौसानं समोर दोरी बांधून तीन लुगडी वाळवली. मास्तरनं कानाला हेडफोन लावला आणि क्लॅरिनेट फुंकली. सूर काही ऐकू येईना. त्यानं पाणी पिऊन घेतलं, तेव्हा आला. झांज वाजवून हौसा भाकरी थापायला गेली, तर तिची झांज तव्यावरची भाकरी फुगली तेव्हा ऐकू आली. त्यात प्रत्येक सुरामागं पंख्याची घरघर.

"अवो, ही चाल हाय का पिठाची गिरण?" हौसा म्हणाली.

गुरुवार उजाडला. मास्तर डोकं धरून बसला. हौसा पडद्यासमोर वाकली. कोणती कोर किती राबतेय ते दाखवणाऱ्या सोळा पट्ट्या तिथं दिसत होत्या. मास्तर फुंकायचा, तेव्हा एक पट्टी टोकाला भिडायची. बाकीच्या तळाशी निवांत. वाजवता वाजवता ऐकायचा सूर भाकरीसारखा मोडून वाटता येत नाही. तो एकालाच घेऊन पळावं लागतं. आणि हा पळणारा कचेरीतून काढलेला म्हातारा होता.

हौसा हसायलाच लागली. "अवो मास्तर, बघा की. योक बिचारा घाम गाळतोय, आन् पंधराजण गाल फुगवून बसल्यात. आपलाच बँड हाय ह्यो!"

मास्तरला हसू आलं नाही. त्याला सुपारी देणारे सगळे लोक आठवले.

त्यानं यंत्र उचललं, बगलेत क्लॅरिनेट घेतली, खांद्यावर एक गाठोडं टाकलं आणि दुकान गाठलं. "शेठ, तो सहावाला लावा. आधी ऐकतो, मग घेतो."

"अहो, त्यात कोर कमी आहेत."

"असू देत. जाग्या असल्या म्हंजे झालं."

त्यानं फुंकलं. ओठावरचा सूर तिथल्या तिथं कानात आला. पंखा असा गप्प, की दुकानातली माशी ऐकू आली.

"विकलेला माल परत घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"मग बदली द्या. वर पाच झालरीचे कोट देतो. मला आता त्यांचं काम नाही."

गाठोड्यातले कोट पाहून दुकानदार विरघळला. आजही त्याच्या दारात कोट घातलेले पाच नोकर उभे असतात. ते काय करतात, हे कुणाला माहीत नाही.

शुक्रवारभर एकेक वाद्य एकावर एक चढवून चाल तयार झाली. शनिवारी छबिना निघाला. गाडीवरून आज्याची चाल अशी घुमली, की पलीकडच्या म्हशी या वेळी चालतच आल्या. नाना डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, माणसं किती होती रं?"

जन्मात पहिल्यांदा मास्तरनं खरा आकडा सांगितला.

"दोन."

तात्पर्य: किती आहेत हे मोजण्याआधी आपलं काम कोणतं ते पाहावं, आणि त्यात राबणारे किती ते विचारावं. जो दुसऱ्याला नुसता आकडा विकतो, त्याच्या गळ्यातही एक दिवस नुसता आकडाच पडतो.