ब्रेकवरचा पाय

गाव कृष्णाकाठचं की वारणाकाठचं, हे आता खात्रीने सांगवत नाही. गाडी पांढरी होती की तिचा रंग उडाला होता, यातही घोळ होतो. पण त्या गावात शिदू नावाचा एक भोळा होता आणि तो बंडामिस्त्रींच्या गॅरेजात कामाला होता, एवढं नक्की.

एकदा मिस्त्री म्हणाले, "शिदबा, इंगवले गुरुजींच्या जुन्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्या झिजल्यात. आज बदलायच्या. संध्याकाळी गुरुजी गाडी न्यायला येतील, आणि तुला बघायलाही. त्यांच्या सुमनसाठी तुझं नाव सुचवलंय. घोळ केलास तर बिनलग्नाचा राहशील."

शिदूने सुमनला जत्रेत एकदाच पाहिलं होतं. तेव्हापासून तो चहात साखर घालायला विसरत होता.

जुनी चकती गंजून बसली होती. मिस्त्री म्हणाले, "ऐकत नसेल तर हातोडीने ठोक."

शिदूने तिला दोनदा सांगून पाहिलं. ऐकली नाही. ठोकली. निघाली.

मग त्याने मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री रेडिओत गुंग. ऐकेनात. त्याने ठोकलं.

"अरे गाढवा!" मिस्त्री टेंगूळ चोळत म्हणाले. "ती नवी चकती घे. नव्यावर तेल असतं. थिनरने पुसायचं, नाहीतर काम फसतं."

शिदूने चकत्या पुसल्या, बसवल्या. मग नवा सदरा घातला, डोक्याला खोबरेल लावलं. आरशात पाहिलं. नवा माणूस, वर तेल! काम फसायला नको म्हणून थिनरने डोकं पुसलं.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आता एकच कर. गाडी हलवण्याआधी ब्रेकवर पाय दाब. आधी मऊ लागेल. घट्ट लागेपर्यंत दाबत राहा." आणि ते पेढे आणायला गेले.

गुरुजी आले, गाडीत बसले. ब्रेकवर पाय होता, पण गुरुजींचा. शिदू खाली बसला आणि दाबू लागला.

"हे काय रे?"

"पाय दाबतोय. मऊ लागतोय."

"साठी उलटली, लेका. मऊच लागणार."

अर्धा तास झाला. गुरुजींचे डोळे भरून आले. "पोटच्या पोरानंही कधी माझे पाय दाबले नाहीत. सुमन तुझी!"

"घट्ट लागतोय का आता?"

"अगदी!"

"मग न्या गाडी."

पुढे उतार होता. गुरुजींनी ब्रेक दाबला. पाय तळाला गेला आणि गाडी थेट पाटलांच्या कडब्याच्या गंजीत.

तरीही लग्न झालं. कसं, ते बरीच वर्षं कोडंच होतं. शेवटी सुमनलाच विचारून खात्री करून घेतली. बाबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोंडात कडब्याचा बोकणा होता. तो निघेपर्यंत मिस्त्रींनी गावभर पेढे वाटले होते.