हिरव्या हंडीचा दिवा

खाडीच्या तोंडाशी दीपस्तंभ नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कोंडसरीच्या खडकावर तेव्हा काचेच्या हंडीत एक दिवा जळायचा. त्याच्याकडे बघत होड्या घरी यायच्या. ती हंडी फुंकायची येसू काचारीण. तिची फुंकर इतकी लांब, की एका दमात घागरीएवढी काच फुगे, असं म्हणतात.

एका दुपारी वादळ उठलं आणि खडकावरची हंडी फुटून समुद्रात गेली. गावच्या सगळ्या होड्या बाहेर होत्या. येसूची भट्टी पेटलेली होती, पण वितळवायला काचच नव्हती. ती आणायला गेलेला तिचा नवरा तानू त्यातल्याच एका होडीत होता.

बायका भट्टीशी धावत आल्या. येसूची नजर त्यांच्या मनगटांवर गेली.

"बांगड्या द्या," ती म्हणाली.

चंद्री कोळीण कडाडली, "जिभेला हाड हाय का तुझ्या? धनी दर्यात, आन आमी हात उघडे करू?"

येसूने हाताला तेल लावलं आणि आपला चुडा उतरवला. "फोडायच्या नाहीत गं, चंद्राक्का. नुसत्या उतरवायच्या."

चंद्रीने डोळे मिटून हात पुढे केला. मग एकेक करत सगळ्यांनी.

वितळलेल्या बांगड्यांचा हिरवा रस लोखंडी फुंकणीवर घेऊन येसूने फुंकर घातली. हंडी फुगली. तिने ती गरम राखेत पुरली, कारण काच सावकाश निवाली नाही तर तडकते. बाहेर अंधारत आलं. लाटांचा आवाज वाढला.

"काढ ना गं आता!" म्हणत चंद्री राखेत हात घालू लागली.

येसूने तिचं मनगट घट्ट धरलं. "आत्ता तडकली, तर दुसरी कशाची करू? कुणाच्या हातात काय उरलंय?"

चंद्रीने हात मागे घेतला. एकमेकींच्या उघड्या हातांकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती.

शेवटी राख कोमट झाली. हंडी अखंड निघाली. येसूने ती पदरात गुंडाळून खडकावर नेली आणि दिवा लावला. वारा त्याच्यावर तुटून पडला, पण ज्योत हलली नाही. येसूचा श्वास आत राखण करत होता, असं म्हणतात. हिरवा उजेड पार क्षितिजापर्यंत गेला. त्या उजेडातून होड्या आल्या. सगळ्यात मागून तानूची.

"हात रिकामे का गं?" त्याने विचारलं. येसू बोलायला गेली, पण आवाज फुटेना. तिची फुंकर हंडीतच राहिली होती. पुढे जन्मभर ती कुजबुजतच बोलली.

कोंडसरीत आजही नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या कुणी फोडत नाही. शेजारणी तिच्या हाताला तेल लावतात, बांगड्या हलकेच उतरवतात आणि येसूच्या भट्टीत ठेवतात. दीपस्तंभ आला तरी खडकावर हंडी लागतेच, आणि पुढची हंडी त्या बांगड्यांचीच होते.