फुलल्याशिवाय कूळ नाही

आमच्या निवेखोलच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या सपाटीवर, अगदी कड्याशी, कातळात दोन खळगे आहेत. रिकामे असले की त्यांत पावसाचं पाणी साचतं, आणि बाहेरून आलेली माणसं त्यात पाय बुडवून बसतात. बसू नका. आधी ऐका.

झाडापाल्याचं कूळ म्हणजे काय, ते पोरं आता शाळेत पाठ करतात. आमच्या गावात तो शब्द या खळग्यांतून आला, असं सांगतात. त्याआधी कूळ फक्त माणसांना असायचं.

फार मागे एका साली भात शेतातच कुजलं आणि गाव रानच्या पाल्यावर आला. रवळू तेव्हा गावकार, म्हणजे गावचा मुख्य, होता. त्याने नियम घातला, पान सारखं ते एका कुळातलं. एक पचलं तर दुसरं खुशाल खा. उपाशी माणसांना हे पटलं. उपाशी माणसाला काहीही पटतं.

आनशी नावाच्या सुनेने पचलेल्या पाल्याशी पान जुळवून नवी भाजी खुडली, शिजवली, शेजारी वाटली. तिची सासू आणि शेजारची दोन माणसं दिवस मावळायच्या आत गेली.

"तू कशी गो वाचलीस?" लोकांनी विचारलं.

"टोपात उरली न्हाय म्हणून."

हे कोणी मानलं नाही. चेटूक केलंन म्हणाले, तान्ह्या पोरीसकट हाकला म्हणाले.

आनशी रवळूसमोर उभी राहिली. "चेटूक न्हाय, चूक केली. पण पानाचा नियमच खोटा हाय, गावकारानू. कूळ फुलात कळतं. चांगली नि वाईट, दोन्ही झाडं सड्यावर लावते. फूल सारखं आलं तर मी कड्यावरून उडी घेईन."

खळग्यांत माती भरून तिने झाडं लावली. पण तिला बसवेना. पोर पाठीशी बांधून ती झाडांभोवती फेऱ्या घालत राही, म्हणे. कातळ तापायचा, माती तडकायची, की ही घागर घेऊन झऱ्याकडे पळायची. येईपर्यंत गुरांनी तोंड लावलं तर? खालून बाया ओरडायच्या, "काय गो आनशे, बांधलं काय बाशिंग झाडांनी?"

रवळूलाही झोप नव्हती. फुलं वेगळी निघाली, तर तीन जीव त्याच्या माथी येणार होते. एका दुपारी आनशी पाण्याला गेलेली बघून तो झाडं उपटायला सड्यावर चढला.

वाकला, तर दोन्ही फुललेली. एक पिवळं, पसरट. दुसरं पांढरं, नळीसारखं.

उपटली असती तर कोणाला कळलं नसतं. असं सांगतात की त्याने झाडाला धरलेला हात सोडला, आणि आनशी परत येईपर्यंत डोक्यावरची घोंगडी दोन्ही झाडांवर धरून तो उन्हात उभा राहिला.

"घागर दे," तो तिला म्हणाला. पाणी त्यानेच घातलं. मग हाळी देऊन गाव वर बोलावला आणि सगळ्यांच्या तोंडावर बोलला, "ती तिघं माझ्या नियमाने मेली."

आनशी म्हणाली, "नि माझ्या हाताने." मग घरी गेली.

आजही आमच्याकडे अनोळखी पाला टोपात पडत नाही. आधी तो सड्यावरच्या खळग्यात लावायचा. कोणी कूळ विचारलं की बाया सांगतात, "फुलू दे." पाणी घालायचं ते गावकाराच्या घरातल्या थोरल्याने, स्वतः घागर वाहून. मग तो मुंबईला साहेब असला तरी रजा काढून येतो. नाही आला तर काय, असं पाहुणे विचारतात.

न यायची छाती अजून कोणाची झालेली नाही.