फाल्गुनातली कातरणी

फार वर्षांपूर्वी एका माळरानाच्या कडेला धनगरांची छोटी वस्ती होती. तिथे मायाप्पा आणि धुळाप्पा असे दोन मेंढपाळ राहत. दोघांनाही हवेची चांगली पारख होती. वारा कुठून फिरला, चंद्राला खळं पडलं का, यावरून पुढे ऊन तापणार की गारठा येणार, हे दोघेही ओळखत. पण लोक विचारायला जात ते मायाप्पाकडेच.

धुळाप्पाला हे फार सलत असे. मायाप्पाच्या दारात माणसं बसलेली दिसली की त्याला भाकरी गोड लागत नसे.

"मला काय त्याच्यापेक्षा कमी कळतं?" तो बायकोला म्हणे.

"कमी कोण म्हणतंय? पण तुम्ही कुणाशी नीट बोलता तरी का?" ती म्हणे.

त्या वर्षी फाल्गुनात हवेचा काही भरवसाच उरला नाही. दुपारी माळ तव्यासारखा तापे आणि पहाटे अंगावरचं घोंगडं सोडवत नसे. मेंढरं लोकरीच्या ओझ्याखाली धापा टाकत होती. लोकर आता कातरावी की थांबावं, हे विचारायला सगळी वस्ती मायाप्पाकडे जमली. धुळाप्पाही कडेला येऊन उभा राहिला.

मायाप्पा म्हणाला, "थांबावं असं वाटतंय. पण यंदा माझं मलाच नक्की कळेना. धुळाप्पा, तू सांग बाबा. तुला काय दिसतंय?"

सगळ्यांच्या माना धुळाप्पाकडे वळल्या. आदल्या संध्याकाळी त्यानं चंद्राभोवतीचं खळं पाहिलं होतं. वारा पूर्वेकडून येत होता, तेही त्याला कळलं होतं. दोन्ही पावसाचीच लक्षणं. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं तर मायाप्पाचंच खरं ठरणार!

"गारठा गेला," तो म्हणाला. "आता ऊन वाढतच जाणार. खुशाल कातरा."

घरी बायकोनं दबक्या आवाजात विचारलं, "काल तर पाऊस येईल म्हणत होता ना?"

"आता मागं फिरलो तर लोक हसतील," असं म्हणून त्यानं स्वतःच्याच मेंढरांना आधी कात्री लावली. ते पाहून निम्म्या वस्तीनं कातरणी उरकली. लोक त्याच्या दारात येऊन बसू लागले. धुळाप्पा खुशीत होता, पण आभाळाकडे मात्र बघत नव्हता.

मग एका दुपारी अंधारून आलं. आधी गारा, मग पाऊस, मग अंगाला झोंबणारा वारा. उघड्या अंगाची मेंढरं थरथर कापू लागली. मायाप्पा आपला कळप हाकत धावत आला.

"माझी मेंढरं बाहेरून उभी करा, कातरलेली मधे घ्या!" तो ओरडला.

त्या उबेनं पुष्कळ मेंढरं वाचली. तरी धुळाप्पाची कितीतरी मेंढरं गारठून मेली. त्याचं ऐकून कातरणी केलेल्या तानूबाई नावाच्या विधवेची तर होती नव्हती तेवढी सगळी गेली.

तिचं रडणं धुळाप्पाला ऐकवेना. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला ठाऊक होतं. मायाप्पाला खोटं पाडायला मी उलटं सांगितलं."

मायाप्पा म्हणाला, "मला खोटं पाडायचं होतं तर पाडायचंस. या मुक्या जिवांनी तुझं काय केलं होतं?"

धुळाप्पानं आपली उरलेली मेंढरं तानूबाईच्या दारात नेऊन बांधली. तिनं ती ठेवून घेतली, पण त्याच्याशी बोलली नाही.

पुढचे कित्येक दिवस हवा अशीच लहरी राहिली. धुळाप्पा आभाळ बघून अचूक सांगे, आज जपा, उद्या ऊन पडेल. पण कुणी जागचं हलत नसे. शेवटी तो मायाप्पाच्या कानात सांगू लागला. मायाप्पा तेच लोकांना सांगे, आणि मग लोक उठून कामाला लागत.

तात्पर्य: दुसऱ्याचा मान हिरावण्यासाठी जो जाणूनबुजून खोटं बोलतो, त्याचं खरंही पुढे कुणी ऐकत नाही.